सूज दिसते, रक्तदाब दिसत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही दिवस ‘डॉक्टरांचे ऐकावे की आपल्या मनाचे’ या विषयावर वाचकांची पत्रे येत आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की, शिकलेल्या माणसाने तपासून औषध लिहून दिल्यावर आपण त्यात अक्कल पाजळू नये. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की, ज्याचे जळते त्याला कळते आणि आपल्या शरीराची खबर आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला असणार? दोन्ही प्रकारची पत्रे वाचताना मला मीच दिसलो, कारण गेल्या चौदा वर्षांत डॉक्टरांचे न ऐकून मी एकदा चुकलो आहे आणि डॉक्टरांनी माझे न ऐकल्यामुळे एकदा विनाकारण त्रासही भोगला आहे. या दोन प्रसंगांतून माझे जे मत बनले, ते दोन्ही पक्षांना फारसे रुचणार नाही असे वाटते, तरीही लिहितो.

पहिला प्रसंग रक्तदाबाचा. एका किरकोळ शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत माझा रक्तदाब १६८/१०४ भरला. पुन्हा दोन-तीनदा मोजून डॉक्टरांनी रोज एक गोळी सुरू केली. मी ती सात-आठ महिने इमानेइतबारे घेतली आणि एके दिवशी स्वतःशीच हिशेब मांडला. गोळी घेण्यापूर्वी मला काही होत नव्हते, घेतल्यावरही काही होत नाही. मग ही गोळी करते तरी काय? मी ती कोणालाही न सांगता बंद केली. पहिला महिना धाकधुकीत गेला, दुसऱ्या महिन्यात धीर आला आणि पुढे तर मी दोन मित्रांनाही माझा हा शोध ऐकवला. (त्यांपैकी एकाने तो अमलात आणला नाही, याबद्दल मी आज त्याचा ऋणी आहे, दुसऱ्याला मी विचारण्याचे धाडस अजून केलेले नाही.) दीड वर्षाने चष्म्याचा नंबर वाढला म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बाहुलीत थेंब घालून डोळ्याचा मागचा पडदा पाहिला आणि मान वर करून एवढेच विचारले, “तुम्हाला रक्तदाब आहे का?” पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांत त्याच्या खुणा उमटल्या होत्या. त्या संध्याकाळी रक्तदाब १८२/१०८ होता. आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, असे आपण म्हणतो. हा आजार येतोच मुंगीच्या पावलांनी आणि जाणे तर त्याला बहुधा ठाऊकच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळजवळ निम्म्यांना आपल्याला तो आहे हेच माहीत नसते. त्यांचेही शरीर त्यांना सगळे ठीक असल्याचेच सांगत असते.

दुसरा प्रसंग त्यानंतर काही वर्षांनी घडला. एका गोळीने रक्तदाब पुरेसा उतरत नव्हता म्हणून डॉक्टरांनी अम्लोडिपिन नावाची दुसरी गोळी जोडली. तीनेक आठवड्यांत संध्याकाळी माझे घोटे सुजू लागले. मोज्याच्या रबराचा वळ बोटभर खोल उमटे. मी ते सांगितल्यावर डॉक्टर म्हणाले, “वय झाले की व्हायचेच,” आणि त्यांनी लघवी वाढवणारी तिसरी गोळी लिहून दिली. सूज तशीच राहिली आणि रात्री तीनतीनदा उठणे मात्र सुरू झाले. मग मी एक वही घातली. नवी गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली, सूज कोणत्या तारखेला प्रथम दिसली, रोज संध्याकाळी शिंप्याच्या टेपने मोजलेला घोट्याचा घेर किती, असे सगळे महिनाभर लिहिले. पुढच्या भेटीत वही पुढे केली तेव्हा “इंटरनेटवर वाचून आलात वाटते” एवढाच शेरा मिळाला. मी काहीही वाचलेले नव्हते. मी फक्त मोजले होते. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्या बाईंनी वहीची दोन पाने चाळली आणि सांगितले की, या गोळीने अशी सूज येणे ही अगदी माहितीतली गोष्ट आहे. गोळीमुळे बारीक धमन्या सैलावतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि पाणी भोवतालच्या मांसात झिरपते. शरीरात एकूण पाणी साठून ही सूज आलेली नसते, त्यामुळे लघवीची गोळी देऊन ती फारशी उतरत नाही. त्यांनी अम्लोडिपिनची मात्रा निम्मी केली, तिसरी गोळी बंद केली आणि वेगळ्या गटातले एक औषध जोडले. पंधरा दिवसांत मोजे पूर्वीसारखे बसू लागले. एका गोळीचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी दिली जाणे, हे आपण नेहमी पाहतो, असेही त्या सहज बोलून गेल्या.

आता प्रश्न असा की, एकच माणूस, तेच शरीर, तोच रक्तदाब. मग माझी बुद्धी एकदा तोंडघशी का पडली आणि एकदा बरोबर का ठरली? दुसऱ्या वेळी मी जास्त शहाणा झालो होतो म्हणावे, तर तसा काही पुरावा नाही. फरक प्रश्नांत होता. सूज मला दिसत होती, तिची तारीख मला ठाऊक होती आणि माझ्याखेरीज कोणीही माझे घोटे रोज पाहत नव्हते. तिथे मी पहिल्या प्रतीचा साक्षीदार होतो. रक्तदाब मात्र मला दिसत नव्हता, जाणवत नव्हता. आणि गोळी न घेतल्याने पुढे दहा वर्षांत पक्षाघात होण्याची शक्यता किती वाढते, हे तर कोणाच्याही शरीराला आतून कळण्यासारखे नाही. गुन्हा घडला त्या वेळी गावातही नसलेल्या माणसाने शपथेवर साक्ष द्यावी, तसे मी केले.

इथपर्यंत ‘डॉक्टरांचे ऐका’ म्हणणाऱ्यांना आनंद होईल. पण पुढचे त्यांच्यासाठी आहे. डॉक्टरांची स्वतःची नजर आणि स्वतःचा अनुभव या बाबतीत माझ्याहून फार वेगळा असतो, असे इतिहास सांगत नाही. अमुक डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, असे आपण म्हणतो आणि डॉक्टरांनाही आपल्याविषयी तसे वाटत असते. परंतु माणूस डॉक्टरांकडे जातो तो बहुधा दुखणे ऐन भरात असताना, आणि भरात आलेली बरीचशी दुखणी त्यानंतर आपोआपच ओसरतात. मधल्या काळात जे काही दिले, त्याला श्रेय मिळते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडावी, तसे हे आहे. फरक इतकाच की हा कावळा वीस-तीस वर्षे त्याच झाडावर बसत राहतो आणि फांद्या आपणच तोडतो अशी त्याची खात्री होऊन बसते.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचे उदाहरण या वादात मला फार बोलके वाटते. १४ डिसेंबर १७९९ रोजी पहाटे घसा सुजून त्यांना श्वास घेणे जड जाऊ लागले. डॉक्टर पोचण्यापूर्वीच त्यांनी आपल्या शेतावरच्या देखरेख्याला बोलावून हाताची शीर कापून रक्त काढायला लावले. पत्नीने नको म्हटले तरी आणखी काढ म्हणून सांगितले. नंतर आलेल्या डॉक्टरांनीही तेच केले. दिवसभरात दोन लिटरहून अधिक रक्त काढले गेले आणि रात्री ते वारले. त्यांचा जीव मूळ आजाराने गेला की उपचाराने, हा वाद बाजूला ठेवू. मला लक्षात आणून द्यायचे आहे ते असे की, इथे रुग्णाची स्वतःची बुद्धी आणि डॉक्टरांचा सल्ला यांच्यात तसूभरही मतभेद नव्हता. मनाचे ऐकले असते तरी तेच झाले असते आणि डॉक्टरांचे ऐकले तेव्हाही तेच झाले. रक्त काढल्याने बरे वाटते, हा त्या काळी दोघांचाही ‘अनुभव’ होता. आणि त्याच्यामागे शेकडो वर्षांची परंपराही होती.

तो अनुभव डळमळू लागला तो मोजणीने. पॅरिसचे डॉक्टर पिएर लुई यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांची टिपणे ओळीने मांडली, कोणाचे रक्त आजाराच्या सुरुवातीला काढले आणि कोणाचे उशिरा, त्यांतले किती दगावले, याची तुलना केली आणि १८३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितले की, रक्त काढण्याचा उपयोग समजला जातो त्याहून फारच कमी आहे. समव्यावसायिकांना ते आवडले नाही. प्रत्येक रुग्ण वेगळा असतो, माणसांची अशी बेरीज करता येत नाही, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. हाच आक्षेप आज ‘माझी प्रकृती वेगळी आहे’ या शब्दांत रुग्ण घेतात, हे पाहून मला हसू येते.

मोजणीची सवय पक्की व्हायला आणखी शंभराहून अधिक वर्षे लागली. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध कोणाला द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता आधीच चिठ्ठ्यांसारखे यदृच्छेने ठरवलेले होते. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ आणि केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ दगावले. माझ्या रक्तदाबाच्या गोळीमागचा पुरावाही असाच उभा राहिला. एके काळी वय वाढेल तसा रक्तदाब वाढणे गरजेचेच असते, अरुंद झालेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलायला तो हवाच, असे चांगले चांगले डॉक्टर मानत. १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. फार वाढलेला रक्तदाब असलेले १४३ पुरुष, सुमारे निम्म्यांना औषध आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली पोकळ गोळी. पोकळ गोळी घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर विकार उद्भवले. औषध घेणाऱ्यांत २ जणांना. माझ्यासारखा प्रत्येक जण ‘मला काही होत नाही’ म्हणत घरी बसला असता, तर हा फरक कोणालाही, अगदी कोणत्याही डॉक्टरालाही, दिसला नसता.

आणि मोजणी डॉक्टरांची भीड ठेवत नाही, याचे सर्वांत दुखरे उदाहरण हृदयविकाराचे आहे. झटका येऊन गेलेल्या ज्या रुग्णांच्या हृदयाचे ठोके चुकतात, त्यांना अचानक मृत्यूचा धोका अधिक असतो. काही औषधांनी चुकलेले ठोके कमी होतात. म्हणून ती औषधे जीव वाचवणार, हा तर्क इतका सरळ होता की १९८० च्या दशकात ती सर्रास दिली जात होती. आलेखावर ठोके सुधारलेले डॉक्टर स्वतःच्या डोळ्यांनी पाहत होते. पुढे एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड या दोन औषधांची चाचणी झाली तेव्हा औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ आणि पोकळ गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६ रुग्ण मरण पावल्याचे आढळले. ठोके सुधारत होते आणि माणसे मरत होती. अशा रुग्णांना ती औषधे देणे थांबले ते कोणा एका हुशार डॉक्टराच्या अनुभवामुळे नाही. अनुभव तर औषधाच्याच बाजूने होता.

म्हणून मला या वादाची मांडणीच चुकीची वाटते. माझा स्वानुभव हा एका माणसाचा अनुभव. डॉक्टरांचा अनुभव हा काही हजार रुग्णांचा असला तरी तोही शेवटी एकाच माणसाच्या आठवणीत साठलेला, आवडलेल्या निकालांनी रंगलेला. आधुनिक वैद्यक मला विश्वासार्ह वाटते ते त्यातले लोक शहाणे आहेत म्हणून नव्हे. आपल्याच शहाणपणावर अविश्वास दाखवण्याची रीत त्याने घालून घेतली, म्हणून. जिथे ती रीत पाळली जात नाही, तिथे पांढऱ्या कोटालाही मी विशेष मान देणार नाही.

आता ‘ज्याचे जळते त्याला कळते’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांचीही बाजू खोटी नाही. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन कक्ष होते; एकात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या कक्षात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांचे प्रमाण कितीतरी अधिक होते. कोणत्या दिवशी कोणत्या कक्षात भरती होते, हे शहरातल्या गरीब बायकांना पाठ झाले होते आणि पहिल्या कक्षात घालू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत. डॉक्टर मात्र हवेला, वातावरणाला आणि त्या बायकांच्या भित्रेपणालाही दोष देत होते. तिथलेच एक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये शवविच्छेदनाहून येणाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. या मृत्यूंचे कारण त्या बायकांना ठाऊक नव्हते, पण धोका कुठे आहे हे त्यांना डॉक्टरांच्या आधी कळले होते. रुग्ण जेव्हा ‘इथे काहीतरी बिघडले आहे’ असे सांगतो, तेव्हा त्या सांगण्याला मी फार वरचे स्थान देतो. काय बिघडले आणि काय केल्याने सुधारेल, हे तो सांगू लागला की मात्र सावध होतो. माझ्या वहीचेही तसेच आहे. सूज आणि गोळी यांचा संबंध हाही कावळ्याचा आणि फांदीचा असू शकला असता. मात्रा निम्मी करताच सूज गेली आणि तीच तक्रार इतर अनेकांची नोंदलेली होती, म्हणून तो खरा ठरला.

आणखी एक क्षेत्र असे आहे की, तिथे निर्णय रुग्णाचाच असायला हवा आणि डॉक्टरांनी तो परस्पर घेऊ नये. स्तनाच्या कर्करोगात छातीच्या स्नायूंसकट सर्व काढून टाकण्याची शस्त्रक्रिया जवळजवळ पाऊण शतक चालली. जितके जास्त कापाल तितका धोका कमी, हा शल्यविशारदांचा ठाम अनुभव होता. अमेरिकेतील शल्यविशारद बर्नार्ड फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात चाचण्या सुरू केल्या आणि २००२ मध्ये २० वर्षांच्या पाठपुराव्यानंतर दिसले की, आजार फार पसरलेला नसताना केवळ गाठ काढून किरणोपचार केलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या जगण्यात फरक पडत नाही. जगण्याची शक्यता सारखीच असेल, तर उरतो तो प्रश्न कोणत्या शरीरासह आणि कोणत्या काळजीसह जगायचे, हा. काही स्त्रिया स्तन राखतील, काहींना पुन्हा गाठ येण्याची धास्ती नको म्हणून तो काढून टाकणे बरे वाटेल. याचे उत्तर कोणत्याही चाचणीत नाही. मात्र दोन्हींचा निकाल सारखा आहे हे तिला कोणी सांगितलेच नाही, तर तिने दिलेली संमती ही नुसती सही असते.

औषध बनवणाऱ्यांच्या फायद्याचा मुद्दा एका पत्रलेखकाने काढला आहे, तो मी झटकत नाही. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक १९९९ मध्ये बाजारात आले, लाखो लोकांनी घेतले आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो हे एका चाचणीत दिसल्यावर २००४ मध्ये मागे घेतले गेले. उशीर झाला, हे खरेच. पण ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचे काय? त्याही फुकट मिळत नाहीत आणि त्या घेणाऱ्यांपैकी किती जणांना अपाय झाला हे कोणी मोजत नाही, म्हणून त्या निर्धोक वाटतात.

आज माझी रीत अशी आहे. नवे औषध सुरू करताना मी डॉक्टरांना विचारतो की, माझ्यासारख्या शंभर जणांनी हे घेतले तर किती जणांना उपयोग होतो, न घेतल्यास किती जणांचे काय होते आणि काय झाले तर मी तुम्हाला लगेच कळवायचे. या प्रश्नांनी चिडणारे डॉक्टर मी बदलतो. बाहेर वीस माणसे खोळंबलेली असताना त्यांना उत्तर द्यायला वेळ नसतो हेही मी समजू शकतो, पण शांत वेळ मागितल्यावर तोही न देणारे वेगळे. “हे मला नक्की सांगता येणार नाही, बघून कळवतो,” असे म्हणणारे मात्र मी सोडत नाही. बंद करायची झाल्यास गोळी त्यांना सांगून बंद करतो, आणि वही अजून चालू आहे.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. आपल्या आरोग्यविषयक मजकुरात ‘अमुक केल्याने धोका निम्म्यावर येतो’ असे अनेकदा छापून येते. शंभरातल्या चाळीस जणांचे वीस झाले तरी ते निम्मे आणि दोघांचा एक झाला तरी निम्मेच. वाचकाने गोळी घ्यावी की नाही, हे मात्र त्या दोन आकड्यांवरच अवलंबून असते. तेवढे दोन आकडे कृपया छापत जावेत. तसेच ‘मला गुण आला’ अशा हकिकतींबरोबर तोच उपाय करून गुण न आलेल्यांचीही पत्रे मागवून पाहावीत. ती फारशी येणार नाहीत, कारण असे लोक सहसा लिहीत नाहीत आणि काहींना ते शक्यही राहिलेले नसते. पत्र शब्दमर्यादेत बसलेले नाही याची मला कल्पना आहे. कात्री लावावी लागली, तर माझ्या घोट्यांची हकिकत खुशाल गाळावी. त्या १४३ माणसांचा परिच्छेद तेवढा ठेवावा.

आपला,
एक नियमित वाचक